क्वॉडलिबेट: पॅरिसची प्रश्नसभा आणि बाखचं तिसावं व्हेरिएशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मन संगीतकार बाख याच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या कीबोर्ड-रचनेतलं शेवटचं व्हेरिएशन, म्हणजे एकाच पायावरचं शेवटचं बदललेलं रूप, ‘क्वॉडलिबेट’ म्हणून ओळखलं जातं. शब्दकोशात हा शब्द पाहिला तर आधी मध्ययुगीन विद्यापीठातला वादविवाद असा अर्थ मिळतो आणि मग अनेक गाण्यांची एकत्र गुंफण असा दुसरा. या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि संगीतातलं क्वॉडलिबेट म्हणजे साधी मेडली, एकामागून एक गाण्यांची माळच ना?

मी बरीच वर्षं पियानो आणि समूहगायन शिकवते, त्यामुळे दुसऱ्या अर्थाशी माझी रोजची गाठ. पहिल्या अर्थाकडे मी त्याच्या पाठोपाठ गेले आणि तिथेच रमले. माझं उत्तर असं की संबंध आहे, आणि तो नुसत्या नावापुरता नाही. दोन्हीकडे कौशल्य एकच लागतं: ज्या गोष्टींचा एकमेकींशी काही मेळ नाही त्या सगळ्यांना पेलणारा एक समान पाया शोधून काढायचा. मेडली म्हणजे क्वॉडलिबेट नव्हे, हेही त्यातूनच कळतं.

लॅटिनमध्ये ‘क्वॉड’ म्हणजे ‘जे’ आणि ‘लिबेट’ म्हणजे ‘आवडतं, मनाला येतं’. म्हणजे ‘मनाला येईल ते’. एवढ्यावर थांबलं तर हा स्वैरपणाचा प्रकार वाटतो. खरी गंमत सुरू होते ती हे ‘मनाला येईल ते’ कोणाच्या मनातलं, या प्रश्नापासून.

तेराव्या शतकातलं पॅरिस विद्यापीठ डोळ्यांपुढे आणा. तिथल्या धर्मशास्त्राच्या आचार्यांची तीन मुख्य कामं होती: ग्रंथ लावून सांगणं, प्रवचन देणं आणि वादसभा चालवणं. नेहमीच्या वादसभेत विषय आचार्य स्वतः ठरवत आणि तो आधी जाहीर होई. त्याशिवाय वर्षातून दोनदा, नाताळाआधीच्या ॲडव्हेंटमध्ये आणि ईस्टरआधीच्या लेंटमध्ये, एक वेगळी सभा भरवता येत असे. तिचं वर्णन लॅटिनमध्ये ‘कोणाकडूनही, कशाबद्दलही’ असं करतात. विद्यार्थी, दुसरे आचार्य, बाहेरून आलेले धर्मगुरू, कोणीही उठून कोणताही प्रश्न टाकू शकत असे. विषयाची यादी नाही आणि आधी सूचना नाही. ही प्रथा 1230 च्या दशकाच्या आसपास रुजली आणि पुढची जवळपास शंभर वर्षं पॅरिसमध्ये जोरात चालली.

सभा दोन टप्प्यांत होई. पहिल्या बैठकीत प्रश्न आणि आक्षेप येत आणि आचार्यांच्या हाताखालचा एखादा बॅचलर, म्हणजे आचार्यपदाच्या वाटेवरचा विद्यार्थी, त्यांना प्राथमिक उत्तरं देई. त्यात गोंधळ असणारच: एक प्रश्न ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेवर, पुढचा चर्चच्या उत्पन्नावर, त्यापुढचा देवदूतांच्या ज्ञानावर. काही दिवसांनी दुसरी बैठक. त्यात आचार्य स्वतः बसून प्रत्येक प्रश्नाचा निर्णय देत. त्याआधी आलेले सगळे प्रश्न ते क्रमाने लावून घेत. त्या काळचा नामांकित धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस याची क्वॉडलिबेटं वाचली तर हा क्रम स्पष्ट दिसतो: साधारणपणे आधी ईश्वर, मग देवदूत, मग माणूस आणि त्याचे व्यवहार. लेखी ग्रंथ म्हणून आपल्या हाती येतो तो या दुसऱ्या बैठकीचा, तोही पुष्कळदा आचार्यांनी पुन्हा हात फिरवलेला.

ही सभा भरवायची सक्ती कोणावरही नव्हती, आणि त्याचं कारण उघड आहे. भर सभेत, विरोधकांसमोर, कुठून काय येईल हे माहीत नसताना बसायचं आणि पुढे सगळ्याची लेखी जबाबदारी घ्यायची. ज्यांच्या अंगात ते बळ होतं त्यांची नावं आजही घेतली जातात. अक्वायनसच्या नावावर 12 क्वॉडलिबेटं आहेत, त्याच्या पॅरिसमधल्या दोन मुक्कामांतली. हेन्री ऑफ गेंटची 15 आहेत, 1276 ते 1292 या काळातली, आणि त्याचं मुख्य लेखन म्हणजे मोठ्या प्रमाणात हीच. गॉडफ्री ऑफ फाँतेनचीही 15. डन्स स्कॉटसचं एकच, पण 21 प्रश्नांचं. विल्यम ऑफ ऑकमची सात.

आता एक प्रश्न जवळून पाहू. अक्वायनसच्या बाराव्या क्वॉडलिबेटमध्ये कोणीतरी विचारलं आहे: मद्य, राजा, स्त्री आणि सत्य यांत सर्वांत बलवान कोण? हा वाद बायबलच्या परंपरेतल्या एका जुन्या कथेतला, पर्शियाच्या दरबारात रंगलेला. प्रश्न टाकणाऱ्याने तो मजेने टाकला असेल किंवा पेच म्हणून. अक्वायनस आधी सांगतो की या चारांची तुलना मुळात होतच नाही, कारण ती एका जातीची नाहीत. प्रश्न चुकीचा ठरवून इथेच थांबणं त्याला सोपं होतं, पण तो पुढे जातो. या चौघांत एक गोष्ट समान आहे का? आहे: चारही माणसाचं मन हलवतात. मग पाहू की कोणतं कुठे जोर लावतं. मद्य शरीरावर, स्त्रीचं आकर्षण इंद्रियांच्या ओढीवर, राजा कृतीविषयीच्या बुद्धीवर आणि सत्य चिंतनाच्या बुद्धीवर. शरीर इंद्रियांच्या ओढीखाली येतं, ती ओढ कृतीच्या बुद्धीखाली आणि कृतीची बुद्धी चिंतनाच्या बुद्धीखाली. म्हणून शेवटी सत्य बलवान.

निष्कर्ष बाजूला ठेवा. तो आज कोणाला पटेल, कोणाला नाही, आणि स्त्रीला मद्याच्या पंक्तीत बसवणं मलाही खटकतं. त्याने काय केलं ते पाहा. चार विजातीय गोष्टी समोर आल्या. त्यांना जबरदस्तीने सारखं केलं नाही आणि त्यांतली एकही टाकून दिली नाही. ज्या एका पायावर चारही उभ्या राहतील तो पाया शोधला आणि मग प्रत्येकीला तिची जागा दिली. हे क्वॉडलिबेट केवळ श्रोत्यांच्या टाचणांतून आपल्यापर्यंत आलं आहे, त्यावर त्याने नंतर हात फिरवलेला नाही, म्हणून मजकूर अगदी त्रोटक आहे. तरी ती रीत ठळक दिसते.

चौथ्या क्वॉडलिबेटमध्ये, जे साधारण 1271 चं मानलं जातं, थेट शिक्षकांबद्दलच प्रश्न आहे: आचार्याने निर्णय देताना युक्तिवादाचा आधार घ्यावा की आप्तवचनाचा, म्हणजे मान्य ग्रंथांच्या प्रमाणाचा? अक्वायनस वादाचे दोन प्रकार करतो. समोरच्याची शंका फेडायची असेल, तर समोरचा जे प्रमाण मानतो तेच घ्यावं. ज्यूंशी वाद असेल तर जुना करार, जुना करार न मानणाऱ्यांशी नवा करार, आणि यातलं काहीच न मानणाऱ्याशी निव्वळ तर्क. पण वर्गात शिकवण्यासाठी जो वाद चालतो त्यात सत्याच्या मुळापर्यंत नेणारी कारणं द्यायला हवीत. नुसत्या आप्तवचनांवर आचार्याने निर्णय दिला तर शिष्याला ‘हे असं आहे’ एवढी खात्री मिळेल, समज मिळणार नाही, आणि तो रिकाम्या हाताने परत जाईल. शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद एकदा वाचावा. या सगळ्या प्रश्नांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर 2020 मध्ये ऑक्सफर्डने काढलं आहे, त्यामुळे लॅटिन येत नाही ही अडचण आता उरलेली नाही.

या सभा केवळ बुद्धीच्या कसरतीसाठी होत्या असं समजू नका. गावातले ज्वलंत प्रश्न तिथे येत, कारण विचारायला दुसरी जागा नव्हती. एका माणसाने चर्चच्या दोन-दोन जागांचं उत्पन्न खावं का? भिक्षू संघाच्या साधूपुढे पापांची कबुली दिली असेल तर तीच पुन्हा आपल्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) धर्मगुरूपुढे द्यावी लागेल का? (हा वाद 1281 च्या पोपच्या आज्ञापत्रानंतर चांगलाच पेटला होता आणि हेन्री ऑफ गेंटने त्यात उघड बाजू घेतली.) एकरकमी पैसे देऊन तहहयात वार्षिक रक्कम विकत घेणं हे व्याजखाऊपणात मोडतं का?

सर्वांत धाडसी उदाहरण गॉडफ्रीचं. 1277 मध्ये पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए याने 219 मतांवर बंदी घातली होती. ती मतं शिकवणाऱ्याला बहिष्काराची धमकी होती. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी गॉडफ्रीच्या क्वॉडलिबेटमध्ये प्रश्न येतो: आपल्या पूर्वीच्या बिशपने ज्या गोष्टींवर चुकीने बंदी घातली त्या दुरुस्त न करणारा आजचा बिशप पाप करतो का? त्याच शहरात, त्याच बिशपच्या अधिकारक्षेत्रात बसून हा प्रश्न घ्यायचा होता! गॉडफ्रीने तो टाळला नाही. यातली काही कलमं विद्यार्थ्यांच्या अभ्यासात अडथळा आणतात आणि ती दुरुस्त व्हायला हवीत, अशा आशयाचं उत्तर त्याने दिलं. माझ्या मते हीच या प्रथेची खरी ताकद. कोणीही विचारू शकतो असा नियम असल्यामुळे, जे बोलायची कोणाची हिंमत नव्हती ते बोलायला निमित्त मिळालं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे वाद, जल्प आणि वितंडा हे न्यायदर्शनातले भेद आठवतील. तुलना योग्य आहे. आधी विरुद्ध बाजू मांडायची, मग आपली, मग विरुद्ध बाजूच्या एकेका मुद्द्याला उत्तर: पूर्वपक्ष आणि सिद्धांत यांचीच ही मांडणी. तत्त्वबोधासाठी होणारा तो वाद आणि केवळ जिंकण्यासाठी होणारा तो जल्प, हा भेद मनात ठेवून अक्वायनसचा वरचा परिच्छेद पुन्हा वाचून पाहा.

पुढे 1320–30 नंतर पॅरिसच्या धर्मशास्त्र विभागात ही प्रथा ओसरली. मध्य युरोपातल्या विद्यापीठांत मात्र कला शाखेचा वार्षिक समारंभ म्हणून ती टिकली. प्रागमध्ये जानेवारी 1411 चं क्वॉडलिबेट चर्चसुधारक यान हुसने चालवलं, आणि चार वर्षांनी त्याच हुसला कॉन्स्टन्समध्ये जिवंत जाळलं. जर्मन विद्यापीठांत या समारंभाला एक शेपूट फुटलं. दिवसभराच्या गंभीर प्रश्नांनंतर थकलेल्या मंडळींसाठी गमतीचे प्रश्न घेतले जात: तेच पूर्वपक्ष, तेच सिद्धांत, तोच भारदस्त लॅटिन थाट, पण विषय मात्र प्रेयसीच्या निष्ठेचा किंवा दारूबाजीचा. एरफुर्ट विद्यापीठातला ‘दारुड्यांचे प्रकार’ हा असाच एक विनोदी वाद 1515 मध्ये छापला गेला. गंभीर साच्यात हलका माल भरायचा, हा खेळ या सभांनी विद्यार्थ्यांना शिकवला, आणि त्याच विद्यार्थ्यांतून पुढे शाळामास्तर, कँटर (चर्चच्या गायनाचे प्रमुख) आणि संगीतकार झाले. शब्द संगीतात शिरला तो याच दारातून असं माझं मत आहे. प्रत्यक्ष साखळी दाखवणारा एकच कागद कोणी पुढे करू शकणार नाही, पण काळ आणि प्रदेश दोन्ही जुळतात. संगीतरचनेला क्वॉडलिबेट हे नाव आपल्याला ठळकपणे भेटतं ते वोल्फगांग श्मेल्त्सलच्या 1544 च्या संग्रहात. तो छापला गेला न्यूरेंबर्गला, आणि श्मेल्त्सल स्वतः व्हिएन्नात शाळामास्तर होता.

रचना मात्र नावाहून जुनी. 1480 च्या सुमाराच्या ग्लोगाउच्या गीतसंग्रहात एका आवाजात एक प्रसिद्ध इटालियन प्रेमगीत सरळ चाललेलं आहे आणि त्याखालच्या आवाजात जर्मन लोकगीतांचे तुकडे एकामागून एक येतात. स्पेनमध्ये याच जातीच्या रचनेला ‘एन्सालादा’ म्हणजे कोशिंबीर म्हणत, फ्रान्समध्ये ‘फ्रिकासे’, तेही एका पदार्थाचंच नाव. जर्मनांनी मात्र स्वयंपाकघरातला शब्द न घेता विद्यापीठातला घेतला. जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियसने 1618–19 च्या आपल्या संगीतग्रंथाच्या तिसऱ्या खंडात याचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रत्येक आवाजाला स्वतःचं पूर्ण गाणं, हा पहिला. प्रत्येक आवाजाला वेगवेगळ्या गाण्यांचे तुटक तुकडे, हा दुसरा. आणि तुकड्यांची जोडगोधडी, पण तिचे शब्द सगळे आवाज मिळून गातात, हा तिसरा.

इथे मेडलीचा प्रश्न सुटतो. मेडलीत एक गाणं संपतं, मग दुसरं लागतं. आपल्या रागमालेतही राग एकामागून एक येतात, एकाच वेळी दोन राग कोणी गात नाही. क्वॉडलिबेटच्या अस्सल रूपात, म्हणजे प्रेटोरियसच्या पहिल्या दोन प्रकारांत, वेगवेगळी गाणी एकाच क्षणी एकावर एक वाजतात. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या नाट्यगृहांत लोकप्रिय चालींच्या साध्या माळेलाही क्वॉडलिबेट म्हणू लागले, आणि आजचा घोळ बराचसा त्यातून आला. मराठीत कोणी कोणी ‘गाण्यांची भेळ’ असं म्हणून हे समजावतं, ती उपमा मला चालत नाही. भेळेत कुरमुरे कुठे पडले याने काही बिघडत नाही. इथे एक स्वर अर्धा ठोका इकडे सरकला तरी सगळं कर्कश होतं.

हे जमतं कसं, ते भारतीय संगीतात वाढलेल्या कानाला नीट उलगडून सांगावं लागतं. पाश्चात्त्य संगीतात चालीच्या खाली सुरांच्या जुडग्यांचा, म्हणजे कॉर्ड्सचा, एक क्रम चाललेला असतो. दोन चालींचा हा खालचा क्रम एक असेल, तर वरच्या चाली कितीही वेगळ्या असल्या तरी त्या बहुधा एकत्र नांदतात. मी माझ्या समूहाकडून हे करून घेते ते असं. आधी सगळ्यांनी मिळून फक्त पाया गायचा: सा, म, प, सा, प्रत्येक स्वर चार मात्रा. तो अंगात मुरला की दोन गट करायचे. सा चालू असताना सा, ग, प यांतले स्वर घ्यायचे; म असताना म, ध, सा; प असताना प, नी, रे. एवढ्या नियमात प्रत्येक गटाने स्वतःची चाल बांधायची, शब्द काहीही. मग दोन्ही चाली एकत्र गाऊन पाहायच्या. सूर जुळतात, पण पहिल्या वेळी हमखास एक अडचण येते: दोन्ही गट एकाच वेळी बडबड करतात आणि शब्द कोणाचेच कळत नाहीत. मग सांगावं लागतं की एकाने लांब स्वर धरला असेल तेव्हा दुसऱ्याने बोलायचं आणि मग उलट. मुलांना हे पटकन समजतं. शब्द अगदी काहीही चालतात हे कळलं की भाजीवाल्याची हाक आणि गणिताचं सूत्र एकाच पायावर उभी राहतात. त्या क्षणी वर्गात जे हसू फुटतं, तेच क्वॉडलिबेटचं मूळ हसू असणार.

बाखच्या घरात हे हसू पिढ्यान्पिढ्या होतं. योहान निकोलाउस फोर्केलने 1802 मध्ये लिहिलेल्या चरित्रात बाख कुटुंबाच्या वार्षिक मेळाव्याचं वर्णन आहे. कँटर, ऑर्गनवादक, नगरवादक अशी सगळी भावकी वर्षातून एकदा एरफुर्ट, आयझेनाख किंवा आर्नश्टाटला जमायची. (दारुड्यांवरचा तो वाद ज्या गावात झाला तेच हे एरफुर्ट, मी यावरून काही सिद्ध करत नाही, पण नोंद घ्यावीशी वाटते.) आधी सगळे मिळून एक भक्तिगीत गात. मग थट्टा सुरू होई: लोकगीतं, काही चावट, काही गमतीची, एकाच वेळी, प्रत्येकाचे शब्द निराळे, ऐनवेळी जमवलेली. त्याला ते क्वॉडलिबेट म्हणत आणि पोट धरून हसत. तरुण बाखच्या हस्ताक्षरातलं, 1707 च्या सुमाराचं, चार आवाजांचं असं एक लग्नाचं क्वॉडलिबेट अपुऱ्या अवस्थेत सापडलं आहे. त्यात पीठ मळायच्या काथवटीबद्दल पुन्हा पुन्हा काहीतरी मस्करी चालू असते. मोझार्टनेही दहा वर्षांचा असताना, 1766 मध्ये, हेगच्या दरबारासाठी अशी एक रचना केली आणि तिच्या शेवटी डच लोकांच्या लाडक्या गाण्यावर फ्यूग, म्हणजे एकच चाल निरनिराळ्या आवाजांनी एकामागून एक उचलायची रचना, बांधला.

आता गोल्डबर्ग व्हेरिएशन्स. 1741 मध्ये न्यूरेंबर्गला छापलेली ही रचना: एक आरिया (गाण्यासारखी सुरुवातीची चाल), तिच्यावर 30 व्हेरिएशन्स आणि शेवटी पुन्हा आरिया. इथे बाख आरियाची वरची चाल घेऊन खेळत नाही, तिचा बास, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांची ओळ, धरतो. हे न कळल्याने पुष्कळ लोक ‘मूळ चाल कुठे गेली?’ म्हणून चाचपडत राहतात. बासचे पहिले आठ टप्पे आपल्या भाषेत सांगायचे तर, जी हा पाश्चात्त्य स्वर सा धरून: सा नी ध प, ग म प सा. सगळे शुद्ध स्वर, पहिले चार खाली उतरत जाणारे. एवढे गुणगुणत राहा आणि कोणतंही व्हेरिएशन लावा, पाया हाताला लागेल. जी मायनरमधल्या तीन व्हेरिएशन्समध्ये काही स्वर कोमल होतात, पण चालण्याची वाट तीच.

याशिवाय एक कडक शिस्त आहे. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन असतं, म्हणजे एक आवाज दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करत मागून येतो. तिसऱ्यात नक्कल त्याच स्वरावरून, सहाव्यात एका पायरीच्या अंतरावरून, नवव्यात दोन पायऱ्यांच्या, असं करत करत सत्ताविसाव्यात नवव्या स्वराच्या अंतरावर. हिशोबाने तिसाव्यात दहाव्या स्वराचा कॅनन यायला हवा. जाणकार वादक आणि श्रोता तीच वाट पाहत असतो, आणि तिथे बाख लोकगीतं घेऊन येतो.

त्यांतली दोन ओळखता येतात. बाखचा शिष्य किटेल याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या एका हस्तलिखित टिपेमुळे त्यांचे शब्द आपल्याला माहीत आहेत. एक म्हणतं: किती दिवस झाले मी तुझ्याजवळ नव्हतो, सरक जवळ, सरक. दुसरं म्हणतं: कोबी आणि सलगमांनी मला पळवून लावलं, आईने मटण शिजवलं असतं तर अजून राहिलो असतो. जर्मन बोलीत ‘कोबी आणि सलगम’ म्हणजे सगळा विस्कटलेला पसारा, हेही लक्षात घ्या. हे दुसरं गाणं बेर्गामास्का या जुन्या चालीच्या घराण्यातलं, आणि बेर्गामास्काचा पाया म्हणजे मी वर मुलांना दिलेला तोच सा म प सा. बाखच्या आधीच्या पिढीतला ऑर्गनवादक डीटरिश बुक्स्टेहुडे याने याच चालीवर, याच जी मेजरमध्ये 32 भाग रचले होते. बाख तरुणपणी त्याला भेटायला आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत चालत गेला होता. गोल्डबर्गचेही दोन्ही आरिया धरून 32 भाग होतात. यात गुरूला केलेला नमस्कार पाहणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

पहिलं गाणं खालच्या बाजूच्या एका आवाजात सुरू होतं आणि लगेच सर्वांत वरचा आवाज तेच वर उचलतो. तोवर मधल्या आवाजात कोबी-सलगम आलेले असतात. दोन्ही चाली बाखने जशाच्या तशा ठेवलेल्या नाहीत. पायावर नीट बसाव्यात म्हणून जागोजागी छाटल्या, लांबवल्या, दुसऱ्या स्वरावरून सुरू केल्या. आणि खाली? खाली तोच सा नी ध प, ग म प सा, अगदी इमाने चाललेला. केवळ 16 मापांत हे सगळं होतं.

इथे मला पॅरिसची दुसरी बैठक दिसते. पहिल्या बैठकीत लोकांनी मनाला येईल ते विचारलं. दुसऱ्या बैठकीत एका माणसाने त्या सगळ्याला एका क्रमात, एका पायावर बसवलं. मद्य, राजा, स्त्री आणि सत्य यांच्याखाली ‘मन हलवणं’ हा पाया सापडला. ‘सरक जवळ’ आणि ‘कोबी-सलगम’ यांच्याखाली आरियाचा बास सापडला. बाखच्या मनात अक्वायनस होता असं मी म्हणत नाही. तो साचा त्याच्यापर्यंत विद्यापीठातून नव्हे, भावकीच्या पंगतीतून पोचला. पण दोन्हीकडे ‘मनाला येईल ते’ हे हक्काने म्हणणारा निराळा आणि ते पेलून दाखवणारा निराळा.

शब्द कुठे कोणत्या अर्थाने आला हे ओळखायला फार कष्ट नाहीत. आचार्याचं नाव, क्रमांक आणि त्यापुढे प्रश्नाचा आकडा दिसला (उदाहरणार्थ ‘क्वॉडलिबेट 4, प्रश्न 9’) तर तो ग्रंथ. सप्तकं, आवाज, व्हेरिएशन असं काही आसपास असेल तर संगीत. मराठीत लिहिताना ‘क्वॉडलिबेट’ हाच शब्द ठेवावा असं माझं मत; वादसभेसाठी ‘मुक्त प्रश्नसभा’ हा खुलासा एकदा देऊन पुढे मूळ शब्द वापरावा.

हे व्हेरिएशन स्वतः वाजवणाऱ्यांसाठी थोडं. आधीची 28 आणि 29 बोटांची परीक्षा पाहतात, तिथल्या वेगाच्या भरात तिसावं पळवलं जातं. पळवू नका, ते गाता येईल इतक्याच वेगात असावं. बसण्याआधी दोन्ही गाणी एकेक करून तोंडाने म्हणा, मग एक गात दुसरं वाजवा. दोन्ही भागांच्या पुनरावृत्ती ठेवा. पियानोवर पहिल्या वेळी वरचा आवाज पुढे आणून दुसऱ्या वेळी मधला आणता येतो, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही गाणी मिळतात. हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या कीबोर्ड वाद्यावर) हे जोर-हळूने साधत नाही, शिवाय हे व्हेरिएशन एकाच कीबोर्डसाठी लिहिलेलं आहे. तिथे स्वर सोडण्याच्या पद्धतीवरच काम करावं लागतं: जे गाणं पुढे हवं त्याचे स्वर जोडून, बाकीच्यांचे किंचित तोडून.